पाचवं पदक

देवळाली कॅम्पात धोंडीराम टेलर्स हे दुकान साठेक वर्षांपासून आहे. आता तिथं मुख्य काम शाळांच्या गणवेशांचं, आणि ते दीपमालाचा नवरा जयराम बघतो. पण आतल्या खिडकीशी एक वेगळं टेबल आहे. त्यावर फक्त पदकांचं काम होतं, आणि ते दीपमाला करते.

फौजी माणसाला पदकं सुटी मिळतात. ती ठरलेल्या क्रमानं, ज्याच्या त्याच्या फितीसकट एका पट्टीवर बसवायची, मागून कॅनव्हास लावून शिवायची, म्हणजे अख्खी रांग एकदम कोटावर टोचता येते. क्रम चुकला तर बघणाऱ्या फौजीला लांबून कळतं. दीपमालाला हे काम तिच्या सासऱ्यांनी शिकवलं. जयरामचा हात मशीनवर चांगला, पण सुईवर जड. म्हणून धोंडीराममामांनी लग्न होऊन आलेल्या सुनेला टेबलाशी बसवलं. मामांना जाऊन आता बारा वर्षं झाली. दीपमाला चौपन्न वर्षांची आहे.

गेल्या जानेवारीत तिला एका संग्रहालयातून फोन आला. त्र्यंबक रोडला एका जुन्या बंगल्यात किताबांचं आणि पदकांचं संग्रहालय आहे, हे तिनं पेपरात वाचलं होतं. एका इंजिनिअरनं परदेशात नोकरी करता करता तीस वर्षं हे सगळं जमवलं, आणि म्हातारपणी नाशिकला आणून लोकांना खुलं केलं. फोन करणारी पूजा देवरे ही तिथली अधिकारी. मूळची नामपूरची, बडोद्याला शिकून आलेली, वय तिशीच्या आत.

"कपाटात कसर शिरली हो," पूजा म्हणाली. "पाच-सहा जणांच्या फिती खाऊन टाकल्यात. पदकं चांगली आहेत, पण फिती बदलून परत शिवाव्या लागतील. कॅम्पात कुणालाही विचारलं की तुमचंच नाव सांगतात."

मंगळवारी संग्रहालय बंद असतं. त्या मंगळवारी दीपमाला सुया, मेण लावलेला दोरा, अंगुस्तान आणि फितींची गुंडाळी डब्यात घेऊन गेली. काम सुरू करण्याआधी पूजा तिला म्हणाली, "आधी सगळं बघून तर घ्या. तुमच्यासारखं बघणारं माणूस आमच्याकडे रोज येत नाही."

पहिलं दालन युरोपातल्या नाइट लोकांचं होतं. दीपमालाला वाटलं होतं, चिलखतं आणि तलवारी असतील. तसं काही नव्हतं. काचेमागं काळ्या मखमलीवर तळहाताएवढे तारे, गळ्यात घालायच्या साखळ्या आणि खांद्यावरून कमरेपर्यंत येणारे रुंद रेशमी पट्टे होते.

"नाइट म्हणजे आधी घोड्यावरून लढणारे सरदार," पूजा सांगू लागली. "राजा त्यातल्या निवडक लोकांचं मंडळ करायचा. मंडळात घेतलं की हे चिन्ह द्यायचं. पुढं घोडे गेले, लढाया गेल्या, चिन्हं तेवढी राहिली. काही मंडळांचा नियम असा होता की माणूस मेला की चिन्ह घरच्यांनी राजाला परत करायचं."

दीपमाला एका ताऱ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तो धातूचा नव्हता, जरीनं भरलेला होता. चांदीची तार इतकी जवळजवळ टाकली होती की खालचं कापड कुठंच दिसत नव्हतं.

"हे कुणी भरलंय?"

"नाव नाही कुठं. राजाचं नाव आहे, सरदाराचं आहे. भरणाऱ्याचं कोण लिहितं?"

"आणि कुणी न मिळालेलं लावून फिरलं तर?"

"फिरायचे की," पूजा हसली. "म्हणून तर नावांच्या वह्या ठेवायचे. पण लग्नाकार्यात वही कोण बघतंय?"

दीपमालानं मान हलवली आणि ती पुढच्या दालनात गेली. तिथं आपल्याकडची पदकं होती. एका भिंतीला 'आपले नाशिककर' अशी पाटी होती आणि त्याखाली जिल्ह्यातल्या घरांनी दिलेली पदकं ठेवली होती. तिसऱ्या खणापाशी तिचे पाय थांबले.

खणात एका पट्टीवर पाच पदकं होती. वरच्या फितींना कसरीनं भोकं पाडली होती. शेजारी कार्ड होतं: 'हवालदार मल्हारी गांगुर्डे, वणी. १९६५ च्या युद्धात आघाडीवर लढले. समर सेवा स्टार, रक्षा पदक, संग्राम पदक आणि सेवेची दोन पदके. कुटुंबीयांकडून भेट.'

"हे सगळ्यात जास्त खराब झालंय," पूजा म्हणाली. "ह्याच्यापासूनच सुरुवात करू या का?"

"करू या," दीपमाला म्हणाली.

मल्हारी गांगुर्डे तिला चांगले आठवत होते. १९९४ चा मे महिना होता. ते निवृत्त होऊन वणीला शेती करत होते. मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नात कोटावर लावायला चार पदकं शिवून हवी होती. मामांनी पदकं बघितली, चारची चार क्रमानं मांडली. मग गांगुर्डे हळूच म्हणाले, "मास्तर, ह्याच्यात आघाडीवाल्यांचा एक स्टार बसवा ना. तुमच्या डब्यात हाय, मी पाहिलाय."

दुकानात अशी सुटी, नाव न कोरलेली पदकं असायची. कुणाचं हरवलं, पुरात गेलं, तर कागद बघून त्या जागी बसवून द्यायला. मामांनी विचारलं, "कागद आहे का?"

"कागद नाय."

"मग नाही जमायचं, हवालदारसाहेब."

दुसऱ्या दिवशी मामा कापड आणायला नाशकात गेले होते. गांगुर्डे पुन्हा आले. दुकानात दीपमाला एकटी होती, तेवीस वर्षांची. ते बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सूनबाई, खरं सांगतो," ते म्हणाले. "पासष्टला मी हितंच देवळालीत होतो. भांडारात. गोळ्यांच्या पेट्या ट्रकवर चढवायचो, दिवसरात्र. पण लढाईवर नाय गेलो. आता व्याह्यांच्या घरात नवरदेवाचे काका फौजी. आघाडीवर होते. ते मांडवात स्टार लावून येणार. मला सगळे इचारणार, तुम्ही कुठं होते? मी काय सांगू, पेट्या उचलत होतो? एका दिवसापुरता लावून द्या. पोरीचं लग्न हाय."

दीपमालाला त्यांची दया आली. तिच्या स्वतःच्या लग्नात तिचे वडील व्याह्यांसमोर कसे मान खाली घालून उभे होते ते तिनं पाहिलं होतं. तिनं डबा उघडला, स्टार काढला आणि रक्षा पदकाच्या आधी, त्याच्या बरोबर जागी शिवला. तासाभराचं काम होतं. गांगुर्ड्यांनी पट्टी रुमालात गुंडाळली आणि जाताना तिला हात जोडले.

मामांना डब्यात एक स्टार कमी दिसला. त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं. ते रागावले नाहीत. "आपल्याला कोण खरा कोण खोटा ते शोधत बसायचं नाही," एवढंच म्हणाले. "पण आपल्या सुईनं खोटं लावायचं नाही." त्यानंतर वर्षभर त्यांनी तिला पदकाला हात लावू दिला नाही. ती हुक आणि बटणं शिवत राहिली.

आता तीच पट्टी संग्रहालयाच्या टेबलावर तिच्यासमोर होती. तिनं ती उलटी केली. कॅनव्हासवर तिचेच टाके होते, जवान वयातले, थोडे तिरके. फिती बदलायच्या तर हे सगळं उसवायचं, आणि मग तोच स्टार त्याच जागी पुन्हा शिवायचा. ह्यावेळी दया आली म्हणून नव्हे, कामाचे पैसे घेऊन.

तिनं कातर उचलली आणि परत ठेवली.

"काय झालं ताई? चष्मा हवाय का?" पूजानं विचारलं.

"मॅडम, बसा जरा. मला एक सांगायचंय."

तिनं सगळं सांगितलं. मग भिंग आणून पूजानं पट्टीवरची पदकं एकेक करून उलटून बघितली. चार पदकांवर क्रमांक आणि नाव कोरलेलं होतं. स्टारच्या मागचा कॅनव्हास जरा उचकटून बघितला, तर तिथं काहीच नव्हतं.

"हे मी घेतानाच बघायला हवं होतं," पूजा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "कॅनव्हास मागून वर आलाय, स्टारची पाठ झाकली गेलीय. मी उचकटून बघितलं नाही. कार्डही त्यांच्या मुलीनं सांगितलं तसंच लिहिलं."

"मग आता?"

"मी परस्पर काढू शकत नाही. त्यांनी दिलेली वस्तू आहे. त्यांना बोलवावं लागेल."

"मी समोर असेन तेव्हा बोलवा," दीपमाला म्हणाली. "माझं काम आहे ते."

पुढच्या मंगळवारी मल्हारी गांगुर्ड्यांची मुलगी रोशनी आली. इंदिरानगरला राहणारी, एका पतसंस्थेत नोकरीला. फिती दाखवायला बोलावलं असं समजून ती आली होती, म्हणून येताना पेढेही आणले होते. पूजानं जमेल तितक्या सौम्यपणे सांगितलं. रोशनीचा हात पेढ्यांच्या खोक्यावर तसाच राहिला.

"तुम्ही म्हणताय माझे वडील खोटं बोलले?"

"तसं नाही ताई," दीपमाला म्हणाली. "शिवलं मी. त्यांनी मागितलं आणि मी शिवलं."

"तुम्ही कोण पण? तीस वर्षांनी उठून सांगताय! वडील वारून अकरा वर्षं झाली. आता ते काढून कुणाचं भलं होणार आहे?"

"मला फिती बदलायच्या आहेत. उसवल्यावर तो स्टार मला परत लावता येणार नाही. एवढंच माझं म्हणणं आहे."

"मग दुसऱ्या कुणाकडून लावून घेऊ!" रोशनी उठली. मग पूजाकडे वळून म्हणाली, "माझा नातू येतो इथं. शाळेतल्या पोरांना दाखवतो, हे माझे पणजोबा म्हणून. त्याला काय सांगू, ते सांगा मला."

रोशनी निघून गेली. पेढे टेबलावरच राहिले, आणि पूजानं ते पाठवून द्यायचे की ठेवायचे ह्याचा संध्याकाळपर्यंत विचार केला.

दीपमालानं त्या आठवड्यात बाकीच्या पाच पट्ट्या पुऱ्या केल्या. घरी जयरामला तिनं सांगितलं तर तो म्हणाला, "कशाला उकरून काढलंस? कुणाला कळलं असतं?" ती म्हणाली, "मला कळलं होतं." मग जेवताना तो दोनदा म्हणाला की बाबांनाही बरं वाटलं असतं. तिला स्वतःला काही बरं वाटत नव्हतं. त्या बाईचा हात पेढ्यांच्या खोक्यावर थांबलेला तिला दिवसभर दिसत होता.

तीन आठवड्यांनी रोशनीनं तिला थेट दुकानावर फोन केला.

"मी आईला विचारलं," ती म्हणाली. तिची आई भागूबाई वणीला धाकट्या मुलाकडे असते. "मला वाटलं ती तुमच्यावर चिडेल. ती म्हणाली, 'तो तारा मला ठावं हाय. लग्नात घातला, त्यानंतर त्यांनी कधी घातलाच नाय.' मी म्हटलं, बरं झालं मग. तर म्हणाली, 'नुसता तारा नाय गं. काहीच नाय घातलं.'"

"म्हणजे?"

"बाकीची चारही त्याच पट्टीवर शिवलेली ना. पंधरा ऑगस्टला गावात झेंड्याला सगळे निवृत्त फौजी पदकं लावून यायचे. आमचे अण्णा साध्या शर्टावर जायचे. मी विचारायची, तर म्हणायचे, गर्मी होते कोटात. वीस वर्षं, ताई. हक्काची चार होती, ती पण नाही लावली त्यांनी."

दीपमाला दुकानातल्या स्टुलावर बसली.

"माझ्याकडे आले असते तर," ती म्हणाली, "पाच मिनिटांचं काम होतं. स्टार उसवून दिला असता. कुणाला कळलंही नसतं."

"ते परत दुकानात कसे येणार होते?" रोशनी म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुम्ही काढाल का तो? आईला समोर बसायचंय."

मार्चच्या पहिल्या मंगळवारी तिघी आल्या: रोशनी, भागूबाई आणि रोशनीची शाळेत जाणारी भाची आरोही. रोशनीचा नवराही आला होता, त्याला सुट्टी काढावी लागली म्हणून कुरकुरत. भागूबाईंचं वय ऐंशीच्या आसपास, गुडघे दुखत होते, म्हणून पूजानं त्यांना नाइट लोकांच्या दालनातून न नेता मागच्या दारानं थेट टेबलाशी आणलं.

दीपमालानं कॅनव्हास उसवायला घेतला. एकेक टाका कातरीच्या टोकानं तोडून चिमट्यानं ओढत होती. भागूबाई तिच्या बोटांकडे बघत होत्या.

"तेव्हा तुम्ही लहान होत्या," त्या म्हणाल्या.

"तेवीसची होते."

"ते सांगायचे, मास्तरची सून लय गुणाची हाय. नाव नाय सांगितलं कधी."

स्टार सुटा झाला. दीपमालानं तो बाजूला पांढऱ्या कागदावर ठेवला. तेवढ्यात इतका वेळ भिंतीला टेकून उभा असलेला रोशनीचा नवरा खाकरला.

"एक सांगू का," तो म्हणाला. "आमच्या फौजी खंडेरावकाकांनी लग्नाच्या दिवशीच ओळखलं होतं."

रोशनीनं मान वळवली. "काय ओळखलं होतं?"

"जेवायला बसले तेव्हा काकांनी तुझ्या वडिलांना युनिट विचारलं. वडिलांनी खरं तेच सांगितलं, त्यांना युनिट खोटं सांगवलं नाही. काकांना माहीत, ते युनिट पासष्टला देवळालीतच होतं. घरी आल्यावर आमचे वडील तापले, म्हणाले, फसवलं आपल्याला. तर काका म्हणाले, 'आमच्या तोफेला गोळे येत होते ते कुठून येत होते? त्या माणसानंच चढवले असतील. गप बसा.' आणि मला म्हणाले, सुनेला हे कधी सांगायचं नाही. म्हणून मी बोललो नाही."

"तीस वर्षं?"

"काकांनी शपथ घातली होती."

रोशनी त्याच्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता की दुसरं काही, ते तिचं तिलाही कळत नसावं. "अण्णांना तरी सांगायचं होतंस," ती शेवटी म्हणाली. "ते तुमच्या घरी यायचे तेव्हा खंडेरावकाकांच्या समोर कधी बसायचे नाहीत. ओसरीवरूनच परत फिरायचे."

"ते मला कधी लक्षात नाही आलं," नवरा म्हणाला आणि त्यानं चष्मा काढून पुसला.

भागूबाईंनी पदर डोळ्याला लावला, पण रडल्या नाहीत. "दोघंबी गेले आता," त्या म्हणाल्या. "शिवा तुम्ही."

दीपमालानं नव्या फिती कापल्या, इस्त्री केलेल्या घड्या घातल्या आणि चार पदकं बसवली. रक्षा पदक आता पहिलं आलं. चार झाल्यामुळे पट्टी आखूड करावी लागली. दीड तास लागला. तोवर पूजानं आरोहीला सगळं संग्रहालय फिरवून आणलं, आणि रोशनीसोबत बसून नवं कार्ड लिहिलं. रोशनीनं दोन मसुदे खोडले. पहिल्यात 'भांडारात कामाला होते' असं होतं, ते तिला फार कोरडं वाटलं. दुसऱ्यात 'युद्धात मोलाचा वाटा' होता, तो तिनं स्वतःच नको म्हटला. शेवटी ठरलं: 'हवालदार मल्हारी गांगुर्डे, वणी. १९६५ च्या युद्धकाळात देवळाली येथे तोफगोळे ट्रकवर चढवण्याचे काम केले. सैन्यात एकवीस वर्षे.'

"आणि हा?" रोशनीनं कागदावरच्या स्टारकडे बोट दाखवलं.

"तुमचा आहे. नेऊ शकता," पूजा म्हणाली. "किंवा इथं ठेवला तर मी नोंद करून आतल्या खणात ठेवीन. शिकायला येणाऱ्यांना दाखवता येतो, दुकानातली प्रत आणि खरं पदक ह्यात फरक काय असतो ते. नाव लिहिणार नाही कुणाचं."

रोशनीनं आईकडे पाहिलं. भागूबाई म्हणाल्या, "ठेवा इथंच. घरात नको."

काच लावायच्या आधी पूजानं ती पट्टी भागूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती तळव्यावर आडवी धरली, एकेक पदकावरून अंगठा फिरवला आणि शेवटी पदरानं रक्षा पदक पुसू लागल्या. पदकं अशी पुसायची नसतात. पूजा सांगायला पुढं झाली आणि तशीच थांबली. भागूबाईंचं पुसून झालं तेव्हा पट्टी खणात गेली, पूजानं कुलूप लावलं. चारची वणीची एसटी गाठायची होती, म्हणून चहा सगळ्यांनी उभ्या उभ्याच घेतला.